इंजिन खोलण्याआधी थांबा : वॉरंटी संपलेल्या गाडीचं इंजिन गेलं तर काय करायचं

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढत होतो. मे महिना, दुपारचे अडीच, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिकीत बस्त्याच्या पिशव्या. पुढे एक कंटेनर रांगत होता. टेम्परेचरचा काटा वर सरकलेला दिसला, पण घाटात थांबायला जागा नाही, म्हणून ठरवलं की माथा गाठू, मग बघू. दोन वळणं झाली आणि काटा आपोआप खाली आला. मला हायसं वाटलं. तिथेच फसलो. काटा खाली आला होता कारण कूलंट संपलं होतं. सेन्सरला आता पाणी लागतच नव्हतं, तो नुसता कोरड्यात लटकत होता, मग काय सांगणार? माथा ओलांडला, उताराला लागलो आणि वेळ्याच्या अलीकडे गाडी गचके खात बंद पडली.

गाडी डिझेल, २०१९ च्या दसऱ्याला घेतलेली. वॉरंटी तीन वर्षांची. वाढीव वॉरंटीचे अठरा हजार मी शोरूममध्ये मोठ्या हुशारीने वाचवले होते. इंजिन गेलं मे २०२३ मध्ये, मीटरवर ७१ हजार किलोमीटर. म्हणजे वॉरंटी संपून सात महिने. सर्व्हिस सेंटरने पहिला आकडा सांगितला २ लाख ६५ हजार. शेवटी माझ्या खिशातून गेले ६८ हजार. मधल्या पाच आठवड्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. त्यातली पुष्कळशी अक्कल धक्के खाऊन आलेली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इंजिन *का* गेलं हे कागदावर येईपर्यंत *किती लागतील* हा प्रश्न विचारू नका. कारण कळलं की पैसे कोणी द्यायचे हे बोलता येतं. आधी खर्च विचारलात की पैसे तुम्हीच देणार, हे तुम्हीच कबूल केलेलं असतं.

रस्त्यावरचा पहिला तास

काटा लाल पट्ट्याकडे निघाला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा. उकाड्यात जीव जातो, पण इंजिनातली थोडी उष्णता तेवढ्याने बाहेर पडते आणि सुरक्षित जागेपर्यंत पोचता येतं. जागा मिळाली की इंजिन बंद. लाल ऑइलचा दिवा लागला तर मात्र जागा शोधत बसायचं नाही, बाजूला घ्यायचं आणि चावी फिरवायची. ऑइलचं प्रेशर गेल्यावर बेअरिंगं खलास व्हायला फार वेळ लागत नाही.

बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बाटलीच्या झाकणाला हात लावू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नका. ढाब्यावरचे लोक प्रेमाने बादली घेऊन येतात, त्यांना हात जोडा. अल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, तापलेलं असताना गार पाणी बसलं, तर जे वाचलं असतं तेही तडकतं.

सगळ्यात अवघड संयम म्हणजे पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. 'एकदा बघू तरी' या तीन शब्दांनी जेवढी इंजिनं मेली असतील तेवढी घाटाने मारली नसतील. मी दोनदा मारला. तिसऱ्यांदा बायकोने चावी काढून घेतली.

मोबाइलवर तीन फोटो काढा : मीटरवरचे किलोमीटर आणि दिवे, बॉनेटखालचा ओला भाग, गाडीखालचा सडा. महामार्गावर असाल तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का तेही बघा, बऱ्याच जणांकडे ते असतं आणि माहीत नसतं. टोचन लावून ओढत नेणं टाळा. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि ब्रेक दगडासारखा लागतो. उतारावर दोरीने बांधलेली अशी गाडी म्हणजे आगीतून फुफाट्यात. ऑटोमॅटिक गाडी तर चाकं जमिनीवर ठेवून ओढायचीच नसते. क्रेन मागवताना स्पष्ट विचारा, 'चारी चाकं वर येतील असा प्लॅटफॉर्म आहे का?'

गाडी कुठे न्यायची

क्रेनवाला हाच प्रश्न विचारतो आणि त्याच्याकडे त्याच्या ओळखीचं एक गॅरेज असतंच. घाईत 'चला' म्हणू नका. मी गाडी घरी आणली आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन रात्री ठेवली. दोन दिवसांनी इंजिन जास्त बिघडत नाही, आणि डोकं तेवढ्यात थंड होतं.

माझा हिशेब असा. वॉरंटी संपून वर्षाच्या आत असाल आणि सगळ्या सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरला झाल्या असतील, तर आधी तिथेच न्या. पैसे बाहेर जास्त वाचतील असं वाटतं, पण कंपनीकडून काही मिळण्याची शक्यता फक्त तिथल्या जॉब कार्डातून, म्हणजे गाडी आत घेताना भरतात त्या कागदातून, सुरू होते. बाहेरच्या मिस्त्रीने एकदा हेड उतरवलं की कंपनीला 'गाडी बाहेर उघडलेली आहे' हे एक वाक्य पुरतं. वॉरंटी संपून तीन-चार वर्षं झाली असतील किंवा मधल्या सर्व्हिसिंग बाहेर केल्या असतील, तर कंपनीच्या मागे फिरण्यात अर्थ नाही. चांगला मिस्त्री शोधा आणि पुढचे कागदांच्या फाईलीचा व कंपनीकडे पैसे मागण्याचा असे दोन टप्पे सोडून द्या.

कागदांची फाईल

या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि पैसेही इथेच वाचले.

आधी वॉरंटी खरंच संपली आहे का ते बघा. ती गाडी ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, उत्पादनाच्या महिन्यापासून नाही. शोरूमने फुकटात दिलेल्या पॅकेजमध्ये कधीकधी वाढीव वॉरंटीचा कागद दडलेला असतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर पहिल्या मालकाने वाढीव वॉरंटी घेतली होती का ते विचारा, कारण ती बहुतेकदा गाडीबरोबर पुढे जाते. मधल्या काळात बदललेल्या पार्टची वेगळी वॉरंटी बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते. वॉटर पंप आठ महिन्यांपूर्वी बदलला असेल आणि तोच गळून इंजिन तापलं असेल, तर चित्र पार पालटतं.

मग चासी नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर जा आणि आपल्या गाडीवर काही रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन आहे का, म्हणजे दोष सुधारायला कंपनीनेच गाड्या परत बोलावल्यात का, ते तपासा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आणि एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनंतर, सात वर्षांच्या आतल्या गाडीतला सुरक्षेचा दोष सरकारच्या वाहन पोर्टलवरही नोंदवता येतो.

आणि आता खरी खाण : जुनी जॉब कार्डं. बिलं नव्हेत, जॉब कार्डं. तुम्ही गाडी देताना सांगितलेली तक्रार आणि त्यावर त्यांनी काय केलं, हे तिथे लिहिलेलं असतं. घरात नसतील तर सेंटरमधून सगळ्या सर्व्हिसिंगची छापील हिस्ट्री मागा. ते देतात, फक्त दोनदा मागावी लागते.

मी जेवणाच्या टेबलावर सगळी कार्डं तारखेने लावली. जानेवारी २०२२ च्या कार्डावर शेवटून दुसरी ओळ : 'कूलंट लेव्हल लो, टॉप-अप डन'. ऑगस्ट २०२२ : 'कूलंट टॉप-अप, ८०० मिली'. दोन्ही तारखा वॉरंटीतल्या. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते, त्यातून आठशे मिली आपलं आपण उडून जात नाही. कुठेतरी गळती होती. ती वॉरंटीत दोनदा त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि दोन्ही वेळा त्यांनी भर घालून गाडी परत दिली. बिलाच्या ढिगात ही ओळ मी स्वतः दोनदा सही करून घेतली होती, आणि एकदाही वाचली नव्हती.

अशी ओळ सापडली तर तिचा फोटो काढा, पिवळ्या पेनने खूण करा आणि मूळ कागद घराबाहेर नेऊ नका. दाखवायला झेरॉक्स.

निदान : काय विचारायचं आणि काय लिहून घ्यायचं

गाडी आत घेताना सर्व्हिस ॲडव्हायजर जॉब कार्डावर 'इंजिन ओव्हरहॉल' लिहायला निघाला होता. मी म्हटलं, 'दादा, ते राहू दे. फक्त तपासणी लिही, आणि खाली लिही की हेड उतरवण्याआधी मालकाला फोन करायचा.' त्याने जरा वैतागून लिहिलं, पण लिहिलं. या एका ओळीमुळे पुढचं प्रत्येक पाऊल माझ्या परवानगीने पडलं. उघडण्याची मजुरी गाडी दुरुस्त करा न करा, द्यावीच लागते. ती किती, हेही तेव्हाच लिहून घ्या.

इंजिन न खोलता बरंच कळतं. स्कॅनर लावून कोड काढतात, त्याचा प्रिंट मागा आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम डेटा पण. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी तापमान, आरपीएम, वेग काय होता ते त्यात असतं. ऑइलची काठी काढून स्वतः बघा. ऑइल दुधाळ, चहाच्या सायीसारखं झालं असेल तर पाणी मिसळलंय. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडायला सांगा. उन्हात धरल्यावर सोनेरी-चंदेरी कणी चमकली तर बेअरिंग खाल्लेलं आहे आणि काम मोठं आहे. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट केली की गळती कुठे आहे ते दिसतं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते मोजताना, पेट्रोलला साधारण १० ते १४ बार आणि डिझेलला त्याच्या दुपटीच्या पुढे आकडा येतो. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा : तीन सारखे आणि एक पडलेला, की घोडं कुठे अडलंय ते कळलं. शिवाय बोअरस्कोप, म्हणजे वायरीएवढा कॅमेरा, इंजेक्टरच्या किंवा प्लगच्या भोकातून आत सोडून सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडलेत का ते पाहता येतं. चांगल्या वर्कशॉपमध्ये तो असतो, विचारल्याशिवाय काढत नाहीत.

माझ्या गाडीत रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीला शिवणीजवळ केसाएवढी चीर होती. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, स्वच्छ. ऑइलमध्ये कणी नाही. म्हणजे २ लाख ६५ हजारांच्या नव्या इंजिनाची गरजच नव्हती, तो आकडा कोणी काही न बघताच सांगितला होता. ॲडव्हायजर म्हणाला, 'सर, आम्ही वर्स्ट केस सांगतो.' असेल. पण गावातले किती जण तो आकडा ऐकून गाडी भंगारात घालत असतील, हा विचार आला.

हेड उतरवायला परवानगी दिली त्या दिवशी मी हजर राहिलो आणि जुन्या एमआयडीसीतल्या एका मिस्त्री-चाचांनाही बरोबर नेलं. सत्तरीच्या घरातला माणूस, हयात इंजिनं बांधण्यात गेलेली. आमच्या भागात अशी माणसं सापडतात. पलीकडे सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, खाली कोल्हापूरला उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ, आणि विहिरीवर ऑइल इंजिन असलेल्या प्रत्येक घरात एक अर्धा फिटर.

चाचांनी हेडवर पोलादी पट्टी आडवी उभी धरली आणि फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, ठरावीक जाडीची पाती तिच्याखाली सरकवायला सुरुवात केली. मिलिमीटरच्या पाच शतांशाची गेली. दहा शतांशाची गेली. वीस शतांशाची पण दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधल्या जागी अलगद आत गेली. 'साहेब, वीस गेली म्हणजे हेड वाकलं. हे केळं झालंय.' हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ गॅस्केटवर दोन आणि तीनच्या मधली पट्टी काळी पडून तुटलेली, तिथूनच कॉम्प्रेशन पळत होतं. या दोन्हींचे फोटो मी पट्टी आणि पाती दिसतील असे घेतले. पुढे कंपनीला पाठवलेल्या मेलमध्ये सगळ्यात जास्त वजन याच फोटोंना आलं.

जुने पार्ट परत मागून घ्या. दुरुस्तीचे पैसे तुम्ही देत असाल तर ते तुमचे आहेत. निदान वाद मिटेपर्यंत फुटका रेडिएटर स्क्रॅपवाल्याकडे जाता कामा नये.

दुरुस्तीचे पर्याय, खरा हिशेब

सगळ्यात स्वस्त म्हणजे हेडचं काम : फेसिंग (हेड घासून सपाट करणं), वॉल्व्ह लॅपिंग (वॉल्व्ह घासून नीट बसवणं), नवी गॅस्केट. पेट्रोल गाडीत हे सर्रास चालतं. डिझेलमध्ये जपून. बऱ्याच डिझेल इंजिनांना कंपनी हेड घासायची परवानगी देत नाही, आणि गॅस्केटही वेगवेगळ्या जाडीच्या येतात. तिच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्यावरून जाडी ओळखायची. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅस्केट निवडावी लागते. लेथवाल्याने डोळे मिटून घासून दिलं आणि दुकानातून मिळेल ती गॅस्केट टाकली, तर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

त्यावरचा टप्पा इंजिन बांधण्याचा : बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, अंडरसाइझ बेअरिंगं, म्हणजे झिजलेले भाग घासून त्या मापाचे नवे पार्ट बसवायचे. हे काम करणाऱ्या माणसावर सगळं अवलंबून आहे. विचारायचा प्रश्न एकच : 'टर्बो आणि ऑइल कूलरचं काय करणार?' बेअरिंग खाल्लेल्या इंजिनातली कणी ऑइलबरोबर तिथेही जाऊन बसलेली असते. इंजिन नवंकोरं बांधलं आणि कूलर तसाच लावला, तर पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये तीच कणी नव्या बेअरिंगात येते. 'बांधलेलं इंजिन टिकत नाही' ही जी सार्वत्रिक तक्रार आहे, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं. जो मिस्त्री कूलर बदलायचं आपणहून बोलतो त्याला काम द्या.

गिअरबॉक्स उतरवावाच लागणार असेल आणि क्लच अर्धा संपला असेल, तर तो त्याच वेळी बदला. मजुरी एकच लागते. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट असेल तर तो, यांनाही तोच न्याय.

कंपनीकडून नवा ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात निवांत पर्याय. आणि मग 'कुर्ल्याचं इंजिन', म्हणजे अपघातातल्या गाडीचं काढलेलं. कधी नशीब निघतं, कधी दुसऱ्याची पीडा आपल्या दारात येते. घेणारच असाल तर चालू स्थितीत ऐका, कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद व पक्कं बिल असल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिनावर नंबर कोरलेला असतो. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलिसांना उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

इंजिन बदललं की आरसी बुकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळत नाही. पूर्वपरवानगी घेतली नसेल तर बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. आधीच सातारा किंवा कराडच्या कार्यालयात, सांगलीकर असाल तर तिथल्या, चौकशी करून मग इंजिन उचललं तर धावपळ वाचते. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. हे राहिलं की गाडी विकताना किंवा अपघाताच्या क्लेमच्या वेळी नेमकं वर येतं.

दुरुस्ती करायची की तशीच विकायची, हे ठरवायला मी दोन आकडे काढले. माझी गाडी चालू स्थितीत तेव्हा साडेसहा लाखांना जात होती, बंद स्थितीत एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने पावणेतीन सांगितले. फरक पावणेचार लाख. दुरुस्ती त्याच्या बरीच खाली असेल तर करायची, त्याला भिडत असेल तर आहे तशी देऊन मोकळं व्हायचं. गाडीवर आधी घातलेला पैसा या हिशेबात धरायचा नाही. आठ-नऊ वर्षांच्या छोट्या गाडीत हे गणित पुष्कळदा विकण्याच्या बाजूने झुकतं, तेव्हा भावनेत अडकू नका.

अजून एक. माझ्या वेळी पार्ट्सवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. एस्टिमेटमध्ये आकडा करासकट आहे की करावेगळा, ते विचारा. लाखाच्या कामात अठरा हजारांचा खड्डा पडतो.

कंपनीकडे गुडविल मागणं

वॉरंटी संपल्यावरही कंपनी मर्जीने खर्चाचा काही भाग उचलते, त्याला या धंद्यात गुडविल म्हणतात. हा हक्क नाही, त्यामुळे आरडाओरडा करून मिळत नाही. काउंटरवरच्या पोराच्या हातात तर काहीच नसतं. निर्णय वरचा एरिया सर्व्हिस मॅनेजर घेतो, आणि तो आठवड्यातून-पंधरवड्यातून एकदा सेंटरला येतो. कधी येणार ते विचारून त्या दिवशी जा. त्याआधी कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल करून तक्रार क्रमांक घेऊन ठेवा, सेंटरलाही प्रत पाठवा.

माझा मेल अकरा ओळींचा होता. मायना झाल्यावर चासी नंबर, ताब्यात मिळाल्याची तारीख, किलोमीटर. मग मजकूर जवळपास असा :

'माझ्या गाडीच्या सर्व सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत केंद्रात वेळेवर झाल्या आहेत. वॉरंटी कालावधीत जानेवारी २०२२ व ऑगस्ट २०२२ मध्ये कूलंट कमी आढळून भरण्यात आले, परंतु गळतीचा शोध घेतल्याची नोंद नाही. मे २०२३ मध्ये रेडिएटरच्या टाकीला चीर जाऊन इंजिन तापले व हेड वाकले. दोन्ही जॉब कार्डे, तपासणीचा अहवाल व फोटो सोबत जोडले आहेत. वॉरंटीत नोंदलेल्या बिघाडाचाच हा परिणाम असल्याने पार्ट्स व मजुरीचा खर्च कंपनीने उचलावा, ही विनंती.'

ना शिवी, ना 'सोशल मीडियावर टाकीन'. एक नेमकी मागणी आणि पुरावा. काटा वर गेल्यावर मी गाडी पुढे हाकली हे त्यांनी विचारलं, आणि मी ते लपवलं नाही. फ्रीझ फ्रेममध्ये ते दिसतच होतं. पूर्ण मागा, अर्ध्यावर तडजोड होते. आठ दिवसांनी उत्तर आलं 'वॉरंटी संपली आहे'. मी तोच मेल पुन्हा पाठवला, वर एकच ओळ घालून : 'तक्रारीचा मुद्दा वॉरंटीतल्या दोन नोंदींबद्दल आहे, कृपया त्यावर उत्तर द्यावे.' तिसऱ्या आठवड्यात मॅनेजर भेटले, फोटो बघितले, जॉब कार्डं बघितली, फार बोलले नाहीत. नवं हेड, रेडिएटर, पंप, गॅस्केट सेट मिळून पार्ट्स ८८ हजार, मजुरी २४ हजार. पार्ट्समधले निम्मे, म्हणजे ४४ हजार, कंपनीने दिले.

चाचा हेच काम जुनं हेड घासून ४६ हजारांत करणार होते. मी २२ हजार जास्त देऊन नवं हेड आणि कामाची लेखी वॉरंटी घेतली. चाचांना राग आला नाही. 'डिझेल आहे, मीबी हेच सांगितलं असतं' म्हणाले, आणि तपासणीला आल्याचे पैसे घेईनात.

विमा कुठे चालतो, कुठे नाही

नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही. पाणी शिरून किंवा ऑइल गळून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं ॲड-ऑन असेल तरच मिळतं. रस्त्यातल्या दगडाने ऑइलचा चेंबर फुटला, तर चेंबर अपघातात धरतील. दिवा लागल्यावरही गाडी दामटली आणि इंजिन जाम झालं, तर ते तुमच्या खाती.

सांगलीकरांना हे मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा गावात शिरली. माझ्या मेहुण्याची गाडी बेसमेंटमध्ये बुडाली. पाणी ओसरल्यावर त्याने ती पुसली, बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमधल्या पाण्यावर पिस्टन आदळला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. गाडी न सुरू करता विम्याच्या सर्व्हेअरला दाखवली असती तर काम सफाईचं होतं. बुडालेल्या गाडीची बॅटरी काढा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि किल्ली कपाटात ठेवा.

ग्राहक आयोग

गुडविल नाकारलं आणि कागद पक्के असतील तर पुढे जाता येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही कंपन्या तिथूनच हलतात. नंतर लेखी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी गुडगावला असो की चेन्नईला. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

आता खरं सांगतो. 'उत्पादनातच दोष होता' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ते जमत नाही. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलेलं असलं तरी तारखा पडत जातात. गाडी तेवढे दिवस उभी ठेवणं परवडत नाही, आणि दुरुस्त केली की पुरावा जातो. म्हणून दुरुस्तीआधी त्रयस्थ इंजिनिअरचा फोटोसह अहवाल करून घ्या. सेवेतल्या त्रुटीची तक्रार, म्हणजे 'दोनदा कूलंट कमी दिसूनही गळती शोधली नाही' अशी, सिद्ध करायला त्यामानाने सोपी असते. चाळीस-पन्नास हजारांसाठी मी गेलो नसतो. अडीच लाखांसाठी गेलो असतो.

गाडी परत घेताना

संध्याकाळी सहाला, गर्दीत, ताबा घेऊ नका. सकाळी जा, इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. बिलावर प्रत्येक पार्टचा नंबर आणि कामाची वॉरंटी किती महिने-किलोमीटर, ते छापून घ्या. ॲडव्हायजरला शेजारी बसवून एक चढ मारून या. मी यवतेश्वरचा घाट घेतला, काटा मध्यावरून हलला नाही.

इंजिन बांधलं असेल तर पहिले हजार किलोमीटर रेस मारायची नाही, एकाच वेगाने तासन्‌तास पळवायची नाही आणि ओझं घालायचं नाही. हजारला ऑइल-फिल्टर बदला आणि निघालेला फिल्टर पुन्हा कापून बघा. थोडी बारीक राख चालते, चमकणारी कणी चालत नाही, ती दिसली तर कामाच्या वॉरंटीत तिथेच गाडी परत लावा.

कूलंटच्या बाटलीवर मी मार्करने आडवी रेघ मारली आहे आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला टेपच्या तुकड्यावर तारीख लिहिली आहे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना बघतो. रेघेखाली बोटभर उतरलं, तर टॉप-अप करून घ्यायचं नाही. प्रेशर टेस्ट करायला सांगायची आणि जॉब कार्डावर 'गळती शोधा' हे शब्द लिहून घ्यायचे.